सरलाबाईच्या बकरीचं तेज

कापड कारखान्यांच्या लिंबायत वस्तीतल्या त्या गल्लीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यांवर, जिन्यांवर, उभ्या रिक्षांमध्ये माणसंच माणसं. मधोमध लाल गालिचा, त्यावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत प्रभानंद महाराज आणि महाराजांच्या गळ्यात एक छोटा डिजिटल कॅमेरा. त्या चिमुकल्या कॅमेऱ्याच्या तोंडावर त्यांनी एक लांब काळी नळी बसवली होती आणि नळीच्या टोकाला काच. या काचेतून म्हणे माणसाचं पुण्य दिसतं.

"मोबाईल कलियुगाचा! त्याच्यात फक्त थोबाड येतं," महाराज माईकवरून गरजले. "हमारा दिव्यचक्षू आत्म्याचा फोटो काढतो. जो है सो दिखेगा!"

आणि दिसत होतं, हे नाकारून चालणार नाही. भाविकानं निरांजन घेऊन हॅलोजनच्या उजेडात उभं राहायचं, महाराजांनी बटण दाबायचं, की वायरने जोडलेल्या टीव्हीवर फोटो झळके. ज्योतीतून चहूकडे लांबलचक किरण फुटलेले. "हे कुळाचं तेज," महाराज सांगत. "पण अंगातून किरण निघाला, तर ते स्वतःचं पुण्य!" लोक हात जोडत आणि दक्षिणेचं ताट भरत जाई. ताटात काय पडतंय ते बघायला मात्र महाराजांना कुठलीही काच लागत नव्हती.

सगळ्यांत पुढे बसलेल्या मालतीबाईंचं दुपारपासून कशातच लक्ष नव्हतं. दुपारी महाराजांची पायधूळ घरी लागावी म्हणून त्यांनीच आग्रह करून त्यांना आपल्या खोलीत नेलं होतं. खोली ती केवढी! नव्या सुनेचा, जयश्रीचा, उभा फोटो काढायचा तर महाराजांना मागे सरकत सरकत धान्याच्या कोठीला पाठ टेकावी लागली. फोटो निघाला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहताच मालतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मधोमध हसणारी जयश्री, आणि फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळा कुट्ट अंधार.

"चारी दिशांनी छाया चालून येतेय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ही पोर इथे राहिली तर छाया घर गिळेल. हिला माहेरी धाडा. छाया हटली की मी सांगेन."

शेजारच्या तारा मॅडम पालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "मावशी, बाहेर मोकळ्यावर हिचा दुसरा फोटो काढायला सांगा ना." त्यावर मालतीबाई फणकारल्या होत्या, "तुमचं विज्ञान शाळेत शिकवा, मन्हा घरमा नको."

आता जयश्रीची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने तिला अमळनेरला पोचवायचं ठरलं होतं. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आंबे खातात आणि परत येतात. हे जाणं तसं नव्हतं. पोर सासूला एवढंच म्हणाली होती, "आत्याबाई, मी काय केलं?" मुलगा वाल्मिक कारखान्यातून आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. मालतीबाईंना सून आवडत होती. तिच्या हसण्यानं त्या खोलीत जीव आला होता. पण देवाच्या डोळ्यापुढे आपली आवड ती काय!

निदान आपल्या पुण्याईने छाया हटेल, या आशेनं मालतीबाई संध्याकाळी घासून-पुसून आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून रांगेत उभ्या राहिल्या. निरांजनाच्या ज्योतीला किरण फुटले. मालतीबाईंच्या अंगावर मात्र काहीच नाही, साधी ठिणगीसुद्धा नाही.

"संसारात मन फार," महाराजांनी निकाल दिला.

एवढ्यात गल्लीतल्याच सरलाबाईची बकरी सुटली आणि गालिचावरची फुलं खायला पुढे आली. महाराजांचं बोट बटणावर होतंच. टीव्हीवर बकरी उमटली आणि गल्लीचा श्वास अडकला. बकरीच्या अंगभर तारे! पाठीवर, पोटावर, कानाच्या टोकाला, शेपटीला. प्रत्येक ताऱ्यातून किरण सुटलेले.

महाराजही क्षणभर गांगरले. पण धंद्यात मुरलेला माणूस. "ऋषी! साक्षात ऋषी आहेत! शापाने या योनीत आले!"

मग काय विचारता! कुणी बकरीला कुंकू लावलं, कुणी हार घातला. ऋषींनी हार खाऊन टाकला. सुकदेव रिक्षावाल्यानं आपली गुटख्याची सवय सुटावी म्हणून बकरीच्या खुरांवर डोकं ठेवलं. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या गुटख्याच्या चकचकीत पुडीलाही पुढच्या फोटोत झगझगीत तारा आला, तेव्हा महाराजांनी वायर हलवून टीव्हीच बिघडल्याचं सांगितलं. पण लोक ऐकेनात.

मालतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या सरलाबाईवर उखडल्या, "मी जनमभर उपास कयात, आणि तेज कोन्हाले? तर तुनी बकरीले! तिना पोटमा काय पुण्य शे व?"

"आता देवच देस, त्याले मी काय करू?" सरलाबाई लाजत म्हणाली. जणू ते पुण्य तिनेच दूध पाजून वाढवलं होतं.

मालतीबाई तडक बकरीकडे गेल्या. ऋषींचं थोडं पुण्य अंगाला लागलं तर लागलं, म्हणून तिच्या पाठीवरून त्यांनी दोन्ही हात खसाखसा चोळले आणि तळवे उजेडात धरले. तळव्यांवर टिकल्या चमकत होत्या. साडीवर चिकटवायच्या, चंदेरी, बारीक टिकल्या!

मालतीबाईंच्या डोक्यात लख्ख झालं. या गल्लीत घरोघरी बायका बाजारातून साड्या आणतात आणि गोंदाने त्यांच्यावर टिकल्या चिकटवतात. टिकल्या उडून भाकरीत जातात, वरणात पडतात, पोरांच्या केसांत अडकतात. सरलाबाईची बकरी तर साड्यांच्या गठ्ठ्यावरच झोपते. आणि मालतीबाई आज नेमक्या अंग घासून आल्या होत्या.

त्यांनी एक ठसठशीत टिकली गोंदाचं बोट लावून कपाळावर चिकटवली आणि पुन्हा महाराजांपुढे उभ्या राहिल्या. टीव्हीवर कपाळातून किरणच किरण!

"देखा! भक्ती पावली!" महाराज ओरडले.

"भक्ती नव्हे महाराज, गोंद," मालतीबाईंनी टिकली उपटून त्यांच्या हातावर ठेवली. "आता सांगा, टिकलीचं तेज खोटं तर मन्ही सूनवरली छाया तरी खरी काय?"

महाराज उठू लागले. "छाया वेगळी, माताजी. ती घरातच दिसते."

"मग घरातच काढा. ऋषींचा फोटो काढा," मालतीबाई म्हणाल्या. "त्यांच्यावर तर छाया पडणार नाही ना?"

सरलाबाईला तर हेच हवं होतं. बायकांनी बकरी उचलली, पुरुषांनी महाराजांना उचलल्यासारखंच नेलं, आणि मालतीबाईंच्या खोलीत, दुपारी जयश्री उभी होती तिथेच बकरीला उभं केलं. महाराजांनी कॅमेरा झूम केला, तर फोटोत नुसता कान आला.

"ऋषी सगळे दिसू द्या!" दारातून गर्दी ओरडली.

शेवटी कोठीला पाठ टेकून, झूम मागे घेऊन महाराजांनी बटण दाबलं. कॅमेरा बाहेर नेऊन टीव्हीला जोडला. मधोमध ऋषी, तोंडात अर्धवट चावलेलं झेंडूचं फूल, आणि चारी कोपऱ्यांत काळा कुट्ट अंधार.

"आता बकरीलेबी माहेर धाडूत का?" मालतीबाईंनी विचारलं.

गल्लीत जो हशा फुटला, त्यात महाराजांचा माईक पडला. तारा मॅडमनी पुढे होऊन कॅमेरा मागून घेतला आणि नळी फिरवून काढली. पुढची काच दिव्यासमोर धरली. तिच्यावर आडव्या-उभ्या, केसाएवढ्या बारीक रेघा होत्या.

"दिव्याचा उजेड या रेघांवरून फाकतो. ही काच दुकानात मिळते, तारे दाखवायलाच बनवतात," त्या म्हणाल्या. "खोटं वाटतं? मावशी, तुमचा विरळ पदर डोळ्यांवर धरा आणि हॅलोजनकडे बघा."

साऱ्या बायकांनी पदर डोळ्यांवर ओढले. दिव्याला चारी बाजूंनी किरण फुटले! जन्मभर साड्यांत वावरणाऱ्या गल्लीने ते पदरातून कितीदा पाहिलं असेल, पण पदराला कुणी देव म्हटलं नव्हतं.

"आणि छाया?" जयश्रीने विचारलं.

तारा मॅडमनी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी तिच्या हातात दिली. "यातून बघ. कडेला काळं दिसतं ना? ते माझ्यावर आहे की नळीचं?"

"नळीचं."

"कॅमेऱ्याचंही तेच. खोली लहान, म्हणून जास्त जागा फोटोत घ्यावी लागली, आणि नळीचीच कड कोपऱ्यांत आली. झूम केला की कड बाहेर जाते, छाया हटते. मग महाराज म्हणणार, माझ्या कृपेने हटली." त्यांनी बिननळीच्या कॅमेऱ्याने त्याच खोलीत जयश्रीचा फोटो काढला. चारी कोपरे स्वच्छ. एका कोपऱ्यात तर कोठीवरची मळकी पुसणीसुद्धा दिसली.

वाल्मिक आणि कारखान्यातली माणसं महाराजांना पोलीस चौकीवर घेऊन गेली. तिथेही महाराज हवालदाराच्या बटणांतल्या तेजाचं वर्णन करत होते, म्हणतात.

मालतीबाईंनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि एकेक लुगडं काढून परत कपाटात ठेवू लागल्या. "मी तुला विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "नळीला विचारलं. माझं चुकलं, पोरी."

जयश्री रडली आणि मग सासूच्या कपाळावर राहिलेला गोंद पुसताना हसलीही.

आजही गल्लीत कुणी चमत्काराची बातमी आणली की मालतीबाई पहिल्यांदा एकच विचारतात, "डोळ्याच्या आणि वस्तूच्या मधी काय धरलं व्हतं?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. तो न विचारल्यामुळे एका निरपराध पोरीची पिशवी मात्र भरली गेली होती. तुमच्या दाराशीही अशी एखादी पिशवी भरलेली असेल, तर गाडी सुटण्याआधी तेवढं विचारून घ्या.