गोळ्यांच्या प्रेसचा हीटर

माझा गिरिधर चूक कधी कबूल करत नाही. लहानपणी दूध सांडलं की मांजराचं नाव, मोठेपणी खिळा वाकडा गेला की हातोडीचं. आता बायकोचा हात जळला, तर बायकोचं.

आमचं घर कोष्ट्यांचं, पण माझ्या मालकांनी, गिरिधरच्या बापाने, माग सोडला आणि कामठीच्या एका बंदुकीच्या दुकानात नोकरी धरली. इंग्रज गेले, दुकान बसलं, तेव्हा तिथली जुनी प्रेस ते घरी घेऊन आले. शिकारी लोकांसाठी शिशाच्या गोळ्या ओतायच्या आणि प्रेसमध्ये दाबून त्यांच्या खाचांत मेण-चरबी भरायची, म्हणजे शिसं नळीला चिकटत नाही. मालक गेल्यावर ते काम मी आणि सून गोपिका करत होतो. थंडीत मेण दगड होतं, म्हणून प्रेसच्या बुडाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची.

गिरिधर गिरणीत फिटर. त्याने कुठूनसा नव्या प्रेसचा हीटर आणला. तो रुंद, आमच्या प्रेसचं बूड अरुंद.

"निखाऱ्यावर चाललं न आतापर्यंत," मी म्हटलं. "बसत नाई ते काहून बसवून राहिला?"

"जग बिजलीवर चालून राहिलं, माय. तू फुंकत बस निखारे."

त्याने हीटरचा पत्रा आरीने कापला. तार आणि लोखंड यांच्यामध्ये करंट अडवायला अभ्रकाचा तुकडा होता, तोही कातरला. हीटर बसला. मेण लोण्यासारखं झालं. दोन-चार रात्री त्याने स्वतः प्रेस चालवून दाखवली, आणि मग काम गोपिकेच्या हाती दिलं.

पहिल्याच सकाळी तिने जमीन सारवली, हात धुतले आणि अनवाणीच प्रेसचा दांडा धरला. तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही. नुसती थरथरत उभी होती, मूठ सुटत नव्हती. मी बोर्डातून वायर उपटली, तेव्हा ती खाली पडली. दवाखान्यात दोन बोटं कापली. उरलेली आत वळली ती वळलीच. बापाच्या घरी तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी पोरगी ती.

तिचे वडील रुपराव उमरेडहून आले. गिरिधर त्यांच्यापुढे हात जोडून बोलत होता, "मी सांगितलं होतं जी, ओल्या हातानं लावू नको म्हून. हिनं ऐकलं नाई." गोपिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. रुपराव तिलाच म्हणाले, "काहून वं, ऐकाले पाह्यजे न." बापही फिरला म्हटल्यावर पोरीने मान खाली घातली.

मी व्याह्यांच्या जेवणाला पाट मांडायला गेले, तर एक पाट कमी. शोधत शोधत प्रेसपाशी आले. टेबलाखाली, भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यावर मेणाचे थेंब आणि गिरिधरच्या चपलांचे ठसे. देवाशपथ, जेवणाच्या पाटावर चपला घालून आमच्या घरात कोणी उभं राहिलेलं नाही.

पाट घेऊन मी बैठकीत आले.

"हा तिथं कोणी नेला गा?"

"मी. पायाले गार लागे."

"चपला होत्या न पायात?"

रुपरावांनी मान वर केली.

"लोखंडाले हात लागला की झिणझिण होये थोडी," तो म्हणाला. "पाटावर उभं राह्यलं की होत नव्हती."

"कधीपासून होये?"

"बसवला तेव्हापासून."

"मंग इले काहून नाई सांगितलं?"

"तू म्हटलं असतं, याचं काम फसलं. तुया जिभेचं भेव लागते, माय."

"माया जिभेनं कोणाचा हात जळत नाई."

गोपिका वळली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने नवऱ्याकडे सरळ पाहिलं. "मले म्हणे, काई होत नाई, धर बिनधास्त," ती बापाला म्हणाली. "ओल्या हाताचं मले कोणीच सांगितलं नाई, बाबा."

रुपराव उठले. पुढ्यातल्या पाण्याला त्यांनी हातही लावला नाही. "विहिणबाई, मी पोरीले घेऊन जातो."

गिरिधर माझ्याकडे पाहत होता. मी आडवी येईन, घराची अब्रू झाकीन, असं त्याला वाटलं असेल. अब्रू मलाही आहे, चार जणींपेक्षा जास्तच आहे. मी गोपिकेचं लुगडं-चोळी गाठोड्यात बांधलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"गिरिधर, ऐक. गोपिका आज बापासंग जाईल, अन् तिले आणाले तू जायचं नाई. आली तर तिच्या मनानं येईल. गल्लीत कोणी विचारलं तर मी सांगीन, करंट हाय हे माया पोराले मालूम होतं, अन् त्यानं बायकोले उघड्या पायानं तिथं उभं केलं. तू माया पोटचा हायस म्हून मी खोटं बोलणार नाई."