अडलेलं आमेन
आमच्या घरी प्रार्थनेला सगळे हात धरतात आणि प्रत्येकाचं आमेन होईपर्यंत कुणी सोडत नाही. आज विषय मीच होते. दहावीनंतर मी काय करावं, ते प्रभूला विचारायचं होतं.

पप्पांनी डोळे मिटले. "प्रभू, हिला मार्ग दाखव. हिला नर्सच कर."

झालं! विचारलं त्यांनीच, उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं. मला तर गाड्यांची इंजिनं खोलायचीत!

आई आमेन म्हणाली, आत्याही म्हणाली. मी गप्प.

"म्हण की गं बाई," आत्या कुजबुजली, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

पप्पांची पकड घट्ट झाली.

"पप्पा, आधी देवाला बोलू द्या. तोवर मी आमेन म्हणणार नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मग बसू असेच," म्हणाले, आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.