डोक्याशी लावलेला स्पंज

केंद्रात तिला सगळे फूटपट्टीकाकू म्हणत आणि तिला ते आवडायचं. सोळा वर्षं ती तान्ही मुलं मोजत आली होती. पोटभर दूध-अन्न मिळूनही काही मुलं का वाढत नाहीत, याचा शोध तिथे चालला होता. शोधायचं काम डॉक्टरीणबाईंचं, मोजायचं काकूचं. लाकडी फळीवर बाळ आडवं निजवायचं, डोकं वरच्या उभ्या पाटीला टेकवायचं, गुडघे हलकेच दाबून खालची सरकती पाटी तळव्यांना लावायची आणि आकडा वाचायचा. एकीने डोकं धरायचं, एकीने पाय. काकू कायम डोक्याशी. तिच्या जोडीदारणीला त्यामुळे केंद्रभर नुसतं 'पाय' म्हणत, आणि ती बिचारी त्या नावाला ओ देई. पायने आकडा मोठ्याने सांगायचा, काकूने तो तसाच परत म्हणायचा आणि मगच कागदावर उतरवायचा. परत म्हटल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा तिथला कायदा. काकू तो भल्याभल्यांना ऐकवायची.

त्या दिवशी सकाळी आकडेवाल्या बाई आल्या. सगळ्या केंद्रांचे आकडे त्यांच्याकडे जमत. खुर्चीत बसता बसता त्या हसत म्हणाल्या, "अहो काकू, तुम्ही मुलांना खायला घालता तरी काय? गेल्या फेरीत तुमच्याकडची एकूणएक मुलं सेंटिमीटरभर जास्तच वाढली. दुसऱ्या कुठल्याच केंद्रात असं नाही."

"काकूंच्या हातालाच गुण आहे," पाय म्हणाली. सगळ्या हसल्या. काकूही हसली आणि मध्येच थांबली.

गेल्या फेरीच्या आधी एका बाळाचं डोकं पाटीवर टणकन आपटलं होतं. बाळ कळवळलं, त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूचा जीव चुटपुटला. घरी जाऊन तिने स्पंजाचा एक तुकडा पांढऱ्या कापडात शिवला आणि दुसऱ्या दिवशी पाटीला डिंकाने चिकटवला. मुलं रडायची कमी झाली. आया खूश, काकू खूश. कुणाला विचारायचं काय त्यात? इतकी वर्षं मुलं मोजणाऱ्या बाईला एवढीही अक्कल नसावी, असं कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

आकडेवाल्या बाई चहाला गेल्या तशी ती मोजायच्या खोलीत शिरली. दर सोमवारी साठ सेंटिमीटरची पोलादी कांब लावून फळी तपासायची असे. कांब दामटून बसवायची सवय; त्या जोरापुढे स्पंज चपटा होई आणि आकडा बरोबर साठ येई. पण बाळाचं डोकं कोण दामटून बसवणार? या खेपेला तिने कांब अलगद टेकवली, बाळ असल्यासारखी. एकसष्ट पूर्णांक दोन.

गेल्या फेरीतलं प्रत्येक मूल कागदावर जितकं वाढलं होतं, त्यातला सव्वा सेंटिमीटर नुसता स्पंज होता. बाकीच्या मुलांना त्याचं फारसं काही नव्हतं. ती तीन-साडेतीन वाढली होती, खरी दोन-सव्वादोन असतील. पण एक बाळ होतं जे सव्वाच वाढलं होतं. सहाव्या महिन्यात चौसष्ट पूर्णांक दोन, आठव्यात पासष्ट पूर्णांक चार. हे आकडे तिला पाठ होते, कारण ते बाळ तिची नात होती.

नखांनी तिने स्पंज खरवडून काढला आणि पदराआड लपवला. बोलायला हवं होतं, तिथेच, त्याच क्षणी. "घरी जाऊन येते गं," एवढंच तिने पायला सांगितलं आणि फळी पिशवीत घालून खांद्याला अडकवली.

घर दहा मिनिटांवर. दुपारचं ऊन, बस थांब्यावर गर्दी, कुणाच्या कडेवर एक पोर भोकाड पसरून बसलेलं. एरवी काकू त्या आईला दोन शब्द ऐकवून पुढे गेली असती. आज ती त्या पोराकडे बघतच राहिली. केवढा आवाज त्याचा! आपली नात कधी अशी रडली? महिना-दीड महिना ती नुसती झोपून असते. उठवली तर दूध पिते, पुन्हा डोळे मिटते. शेजारणींना आपण काय सांगत होतो? "आमची बाई फार गुणी, त्रास म्हणून नाही." काकूने पावलं उचलली. फळी पाठीवर धपाधप आदळत होती.

सून मात्र सांगत होती. बोलायला ती मऊ, सासूपुढे तर आणखीच मऊ. पण महिन्याभरात तीनदा म्हणाली होती, "आई, झबली आखूड होत नाहीत हो हिला." आणि एकदा गादीवरच्या छापील फुलांकडे बोट दाखवून, "हे बघा ना. डोकं कडेला लावून निजवलं की पाय तिसऱ्या फुलापर्यंत येतात. दिवाणावर ही गादी घातली तेव्हापासून तिसऱ्याच फुलापर्यंत."

काकू केवढी हसली होती! "फुलांनी मोजतात का गं मुलं? मी स्वतः मोजलीय तिला. सव्वा सेंटिमीटर वाढलीय. मुली जरा सावकाश वाढतात. शास्त्र आहे ते." मुलाने बायकोचीच समजूत घातली, आईला काय कमी कळतं का, म्हणून.

दार सुनेने उघडलं. सासूचा चेहरा बघून ती दचकली. "काय झालं? बरं नाही का?"

"बाळ कुठंय?"

"झोपलीय."

"घेऊन ये. आणि तू पाय धर."

"मी? मला कुठे येतं?"

"शिकवते. चल."

काकूने फळी जमिनीवर मांडली. डोकं तिने दोन्ही तळव्यांत धरलं आणि उघड्या लाकडाला हळूच टेकवलं. बाळाने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. तळहातांना ते गारसर लागलं. असं गारसर ते कधीपासून लागत होतं? तिने जिवाच्या आकांताने मनात म्हटलं, सहासष्ट येऊ दे. नाहीतर निदान पासष्ट.

"गुडघे दाब. हलके. आता ती पाटी सरकव. तळव्यांना लागली? वाच."

सून वाकली. वाचायला तिला फार वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "चौसष्ट पूर्णांक तीन."

सहाव्या महिन्यापासून आजच्या दहाव्यापर्यंत, चार महिन्यांत एक मिलिमीटर.

काकूने तोंड उघडलं. आकडा जिभेपर्यंत येई आणि परत फिरे. म्हटला नाही तर लिहावा लागणार नाही, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. एवढी ती घाबरली होती.

सुनेचे हात अजून बाळाच्या पायांवर होते. ती सासूकडे बघत म्हणाली, "आई, परत म्हणायचं असतं ना?"

"चौसष्ट," काकू म्हणाली. "चौसष्ट पूर्णांक तीन."

मग तिने पदराआडून स्पंज काढून सुनेपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही सावरून घेतलं नाही. "तुझी फुलं बरोबर होती. मी चुकले. दोन महिने घालवले मी हिचे."

सुनेने तो बोटांनी दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला.

काकूने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून भराभर प्रश्न आले. झोप फार आहे का? शौचाला खडा होतो का? अंग गार लागतं? काकू प्रत्येकाला हो म्हणत गेली आणि प्रत्येक हो म्हणताना तिचा धीर सुटत गेला.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या. थायरॉइडसाठी रक्त तपासायचंय. आणि काकू, त्या फेरीत मुलं किती होती?"

"छत्तीस. सगळ्यांच्या घरी मीच जाते, बाई. मीच सांगते."

"ते नंतर. आधी ही."

सुनेने बाळाला दुपट्यात गुंडाळून घाईघाईने उचललं. त्या धांदलीत त्याचं डोकं दाराच्या चौकटीला चांगलंच लागलं. दोघी जागच्या जागी थांबल्या. बाळाने नुसते डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. रड गं बाई, काकू मनातल्या मनात तिची विनवणी करत होती, एकदा तरी भोकाड पसर.