हात काढा

पट्टा फाडकन बसला आणि काटा दोन घरं खाली उतरला.

गोदामातली शे-दोनशे माणसं एकदम हुश्श झाली. पोती तोलायचा जुना वजनकाटा, त्याची परातीएवढी आकड्यांची तबकडी, आणि खालच्या फळीवर उघड्या पाठीने उभा असलेला वेल्डर. त्याचे पाय केव्हाच लटपटायला लागले होते, म्हणून दोन पहिलवानांनी दोन्ही बाजूंनी बगलेत हात घालून त्याला धरलं होतं. मागे अधांतरबाबा पट्टा घेऊन उभा होता. पट्टाही वेल्डरच्याच कामावरचा, टॉवरवर चढताना पडू नये म्हणून कमरेला बांधायचा. पाठीवरचं रक्त ओघळून पँटीत मुरत होतं, पण पाठीकडे बघायला सवड कुणाला होती? मघाशी सत्तर किलो भरलेला माणूस पंचावन्नवर आला होता.

"हा भार मांसाचा नाही, पापाचा आहे," बाबा घाम पुसत म्हणाला. "शास्त्रज्ञ रॉकेट कसं उडवतात? खालून आगीचा फटका मारतात. फटका बसला की धरती त्याला सोडून देते. ते आगीने मारतात, आम्ही पट्ट्याने. विज्ञान तेच, खर्च कमी."

माना डोलल्या. तीसवर आला की वेल्डरला छतावर नेणार होते. तिथून तो हवेत पाऊल टाकेल आणि धरती त्याला ओढणार नाही, असं ठरलं होतं. मागे एक गवंडी याच छतावरून उतरला होता तो कायमच्या कुबड्या घेऊन. पाव किलो पाप शिल्लक राहिलं, असं बाबाने सांगितलं आणि लोकांनी ते मानलं. उलट गवंड्याने नेमकं कुठलं पाप लपवलं, याचीच चर्चा झाली. धन्य ते लोक.

या गर्दीत कोपरं मारत वेल्डरची मोठी बहीण घुसली. शाळेत विज्ञान शिकवायची. भावजय रडत शाळेत आली तशी ती वर्ग सोडून धावत सुटली होती. टॉवरवरून सोबती पडून मेला त्या दिवसापासून भावाचं काहीतरी बिनसलंय, हे तिला दिसत होतं. जेवताना घास तोंडात धरून बसायचा. विचारलं की एवढंच म्हणायचा, "ताई, छातीवर ओझं आहे गं." तो छातीवरचं म्हणाला, आणि या चोराने ते किलोत मोजायला घेतलं.

"थांबवा हे," ती ओरडली.

पट्टा पुन्हा बसला. काटा बावन्नवर आला. भावाच्या तोंडून किंकाळीसुद्धा निघाली नाही, नुसता वारा निघाला. मारून वजन घटत नाही हे ताईला पक्कं ठाऊक होतं, आणि डोळ्यांसमोर काटा उतरत होता. क्षणभर तिचाही विश्वास डळमळला, हे खोटं कशाला सांगायचं? मग तिची नजर भावाच्या पायांकडे गेली. टाचा उचललेल्या होत्या. चवडे जेमतेम टेकले होते. आणि पहिलवानांच्या दंडांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"हात काढा," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच्या बगलेतले हात काढा. तुम्ही त्याला उचलून धरलंय."

बाबाचा चेहरा उतरला. त्याने उजवीकडच्या पहिलवानाला नुसती मानेने खूण केली. पहिलवान वेल्डरला सोडून पुढे आला आणि त्याने ताईच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ती भिंतीजवळच्या हातगाड्यावर जाऊन आदळली. ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली.

पण तिकडे काट्याने उडी मारली होती. एक हात सुटताच बावन्नचे एकसष्ट झाले होते. पुढे उभी असलेली एक हमालीण, जिचा जन्म पोती तोलण्यात गेला होता, तबकडीकडे बघतच राहिली. "अगो बाई," ती म्हणाली. "पाप परत आलं वाटतं."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबाचा तोल गेला. "मारा तिला," तो किंचाळला, आणि पट्टा पहिलवानाकडे फेकला.

पहिला वार ताईच्या खांद्यावर पडला. दुसरा येण्याआधी तिने भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर ओढून काढला, हातगाड्यावरच पाय आखडून बसली, खीळ उपसली आणि दांडा दाबला. पांढऱ्या वाफेचा लोट पहिलवानाच्या तोंडावर गेला आणि तो डोळे धरून कोलमडला. इकडे गाडा ताईला घेऊन उलट्या दिशेने जो सुटला, तो तिच्या पाठीमागून भिंतीकडेने दाराकडे सटकणाऱ्या बाबाच्या नडग्यांवर जाऊन धडकला. हाड वाजल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाबा जमिनीवर लोळून आईच्या नावाने रडायला लागला.

"असं जातं रॉकेट," ताई धापा टाकत म्हणाली. हनुवटीवरून रक्त गळत होतं, पण शिकवायची सवय जाते कुठे? "गाडा कुणी ढकलला? कुणी नाही. आतलं जोराने एकीकडे फेकलं, म्हणून मी दुसरीकडे गेले. रॉकेट पोटातला जळता वायू खाली फेकतं आणि वर जातं. त्याला धरती सोडत नाही. वर गेल्यावरही ओढतच असते. यान पडतच असतं, पण आडवं इतक्या वेगाने धावत असतं, की त्याच्या खालची गोल जमीनही वळत जाते आणि ते जमिनीला कधी लागतच नाही. त्यात जादू नाही. नुसता वेग आहे."

दुसऱ्या पहिलवानाने एव्हाना पळ काढला होता. वेल्डर काट्यावरच बसला होता आणि काटा मुकाट सत्तरवर उभा होता.

मग गर्दी फिरली. गवंड्याच्या थोरल्या भावाने जमिनीवरचा पट्टा उचलला. चौघांनी बाबाला केसांना धरून काट्याकडे ओढलं. "याला करू हलका," कुणीतरी म्हणालं. पट्टा बसला. बाबाचा कान फाटला. पुन्हा बसला.

ताईलाही तेच हवं होतं. त्याची चामडी लोळलेली बघायला तिला आवडलं असतं. तरी ती उठली आणि तिने मधे हात घातला. तिसरा फटका तिच्या मनगटावर बसला.

"बास," ती म्हणाली. "त्याला पोलिसांत देऊ. मारून माझा भाऊ हलका झाला नाही, हाही होणार नाही. तुम्ही इतके दिवस काट्याकडे बघत राहिलात, हातांकडे कुणी बघितलंच नाही. उद्या दुसरा कुणी येईल, तेव्हा आधी हात बघा. आणि विचारा. विचारल्याने कुणाचं काही जात नाही."

गवंड्याच्या भावाने पट्टा खाली टाकला आणि तो तोंड फिरवून रडायला लागला.

ताई वेल्डरजवळ जाऊन बसली. पदराने त्याची पाठ टिपायला लागली.

"ताई, टॉवरवर दोघांत पट्टा एकच होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पाळी त्याची होती. मला त्या दिवशी भीती वाटत होती, म्हणून मी बांधला."

तिचा हात थांबला.

"हे पोटात ठेवून बसलास?" ती म्हणाली. "उद्या त्याच्या बायकोकडे जाऊ. मी येते बरोबर. तिला हेच सांग."

"मग हलकं वाटेल?"

"ते मला सांगता येणार नाही. ऊठ आता, दवाखान्यात जाऊ."

तिने आधाराला हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. काट्याची कड धरून तो हळूहळू आपल्या पायांवर उभा राहिला.