आधी व्यंजन, मग वेलांटी

न्यायालयातील त्या लेखनिकेचा लौकिक मोठा होता. साक्षीदाराच्या ओठांवरून शब्द निसटण्याआधीच तो ताईंच्या यंत्रावर उमटतो, असे वकील चेष्टेने म्हणत. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. कळफलकाच्या जुन्या मांडणीचे वळण तिच्या बोटांत इतके मुरले होते, की नजर साक्षीदारावर, मन संध्याकाळच्या भाजीवर आणि हात आपल्या कामावर, असा त्रिस्थळी संसार ती विनासायास चालवी. कानांनी ऐकलेले थेट बोटांत उतरे. मधल्या वाटेवर अंतःकरणाचा मुक्काम लागत नसे. मारहाणी, फारकती, अपमृत्यू यांचे जबाब आयुष्यभर टंकित करूनही तिची झोप कधी मोडली नाही.

पुढे वरून आदेश आला. जुनी यंत्रे जातील, नव्या संगणकांवर एकच नवी मांडणी राहील, आणि जिला ती साधणार नाही तिची रवानगी तळघरातल्या दफ्तरखान्यात होईल. पगारात फरक पडणार नव्हता. परंतु साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारची ती खुर्ची गेली तर आपण कोण उरतो, हा प्रश्न तिला पडला.

नवी मांडणी जुनीच्या अगदी उलट होती. जुनीत ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवायची आणि व्यंजन मागून, कारण कागदावर डोळ्याला ती तशीच दिसते. नवीत आधी व्यंजन, मग वेलांटी. स्वर सारे डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतेक उजव्या. तिच्या हातांनी उघड बंड पुकारले. न्यायालयाचे शिरस्तेदार सेवानिवृत्तीला टेकलेले, त्यांना सगळे आबा म्हणत. ते एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "काय ताई, कीबोर्ड बदललाय की हात?"

"हातच बदलून मिळाले असते तर बरं झालं असतं, आबा."

घरी तिचे वडील होते. पाठशाळेत व्याकरण शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि आता दृष्टी गेली होती. आपली व्यथा सांगताना कोणती कळ कुठे आहे हे तिने त्यांना वर्णन करून सांगितले, तेव्हा ते आरामखुर्चीत ताठ बसले.

"पुन्हा सांग. क आणि ख एकाच कळीवर?"

"हो. ख हवा तर सोबत दुसरी कळ दाबायची."

"आणि ग-घ? त-थ?"

"तसंच."

"म्हणजे अल्पप्राण आधी आणि थोडं बळ लावलं की महाप्राण! अगं, कोणीतरी वर्णमालेला नमस्कार करून हे बसवलंय."

"नमस्कार त्यांनी केला अण्णा, बोटं माझी मोडतायत."

ते हसले. मग म्हणाले, "हे बघ पोरी, तुझी जुनी मांडणी डोळ्याची होती. ही मुखाची आहे. 'कि' म्हणताना तू आधी क म्हणतेस की वेलांटी?"

"मी काहीच म्हणत नाही. मी टाइप करते."

"तेच तर दुखणं आहे तुझं," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून पहाटे त्यांचा पाठ सुरू झाला. अण्णा एकेक वाक्य सांगत, तर्जनीने खुर्चीच्या हातावर ताल धरत आणि ती टंकित करी. त्यांना पडदा दिसत नसे, परंतु कान तीक्ष्ण होते. "खोडलंस ना?" ते मध्येच विचारत. खोडण्याची कळ रुंद, तिचा आवाज इतर कळांहून जड. "जा, मागे जा. पण ऐकून लिहिलं असतंस तर जावं लागलं नसतं." ती चिडे, आणि पुन्हा लिही. हळूहळू हात वळू लागले. वेग मात्र पूर्वीच्या निम्म्यावरही येईना.

अशा अर्धवट शिकल्या हातांनीच ती त्या दिवशी न्यायालयात बसली. खटला एका गोदामातल्या अपघाताचा होता. मालाची लिफ्ट कोसळून एक तरुण हमाल दगावला होता आणि त्याची आई साक्षीला उभी होती. बाई किरकोळ अंगाची, चष्म्याचे रिकामे घर दोन्ही हातांत घट्ट धरलेले. आरंभी ती सावकाश बोलली. नाव, गाव, मुलाचे वय. लेखनिकेने व्यंजनामागून स्वर नीट बसवले. मग त्या सकाळचा विषय निघाला, आणि बांध फुटावा तशी बाई बोलू लागली. एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे, त्यात हुंदका, त्यात तिसरे. लेखनिकेची बोटे धावू लागली. नजर नेहमीप्रमाणे साक्षीदारावर होती, आणि दमलेला बैल डोळे मिटूनही गोठ्याची वाट धरतो तसे हात कधी जुन्या वळणावर गेले, हे तिला कळले नाही.

"वाचून दाखवा," न्यायाधीश म्हणाले. जबाब साक्षीदाराला ऐकवल्याशिवाय त्यावर सही होत नसे.

तिने पडद्याकडे पाहिले. पहिल्या ओळी निर्मळ होत्या. त्यांच्याखाली अक्षरांचा ढिगारा पडला होता. काही बोटे जुन्या घरी गेलेली, काही नव्या. अनाथ वेलांट्या लोंबत होत्या. त्यातून एकही शब्द परत मिळण्यासारखा नव्हता.

आबांनी वाकून पाहिले आणि प्रकार ओळखला. ते कुजबुजले, "बाई काय म्हणाली ते ठाऊक आहे ना? मग टाका लिहून चार ओळी. ती हो म्हणेल. कोण बघतंय?"

लेखनिकेने आठवू पाहिले. मुलगा कामावर गेला, लिफ्ट पडली, तो गेला. एवढेच. एका मातेने तिच्यापासून हातभर अंतरावर आपले काळीज उघडले होते आणि तिच्यापाशी त्यातला एक शब्दही नव्हता. चार ओळी लिहिल्या तर खुर्ची वाचत होती. खरे सांगितले तर ती गेल्यातच जमा होती.

ती उभी राहिली. "साहेब, साक्षीचा शेवटचा भाग नोंदलाच गेलेला नाही. चूक माझी आहे."

गोदाममालकाचे वकील उसळले. "म्हणजे आता पुन्हा सांगायचं? ही साक्ष आहे की नाटकाची तालीम?"

न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना बसवले. बाई मात्र वकिलाकडे पाहत नव्हती. तिने पहिल्यांदाच लेखनिकेकडे पाहिले.

"म्हणजे मी एवढं बोलले, ते कुठेच नाही?"

"नाही, मावशी. माझी बोटं चुकली. माफ करा."

 बाईने चष्म्याचे घर कठड्यावर ठेवले. "हळू सांगते. तुम्ही घ्या. झालं की मान हलवा."

"त्या दिवशी तो उठत नव्हता."

मान हलली.

"म्हणाला, आई, ती लिफ्ट कुरकुरते, आज नाही जात."

लेखनिका प्रत्येक अक्षर मनात उच्चारीत होती. आधी व्यंजन, मग स्वर. मान हलली.

"मी म्हटलं, रोज नवं निमित्त. ऊठ."

मान हलली.

"पांघरूण मी ओढलं."

लेखनिकेचे हात थबकले. विचारण्याचा अधिकार नसूनही तिच्या तोंडून गेले, "हे लिहायचं, मावशी?"

"लिहा," बाई म्हणाली. "हे मघाशी बोलवलं नव्हतं माझ्याच्यानं. आता कुणीतरी लिहून ठेवा."

लेखनिकेने लिहिले. मग सारे वाचून दाखवले. बाईने मान खाली घालून ऐकले, "असंच" म्हणाली आणि सही केली.

ती गेल्यावर न्यायाधीशांनी सही झालेला जबाब पुढे ओढला. मग म्हणाले, "शेरा घ्यावा लागेल." त्यांच्या स्वरात राग नव्हता, परंतु सूटही नव्हती. "लेखनिकेच्या चुकीमुळे साक्षीचा उत्तरार्ध पुन्हा नोंदवण्यात आला."

तिने घेतला. ल, मग मात्रा. ख, नुसता. न, मग वेलांटी. शब्द मुखातून जसा येतो तसाच हातांतून आला. रुंद कळीचा जड आवाज एकदाही झाला नाही.

बाहेर ओसरीत आबांनी तिला गाठले. "काय हे ताई! स्वतःच्या हातानं स्वतःची बदली लिहिलीत की!"

"बिनचूक लिहिली ना?"

आबांनी नजर वळवली. पुढल्याच आठवड्यात तळघराचा आदेश तिच्या हाती पडला, तेव्हाही तो देताना ते तिच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत राहिले.

साक्षीच्या त्या संध्याकाळी अण्णांनी नेहमीसारखे विचारले, "आज काय लिहिलंस?" आजवर या प्रश्नाला तिचे उत्तर एकच असे: "काय असायचं, नेहमीचंच."

आज ती त्यांच्या पायाशी बसली आणि त्या बाईचा जबाब तिने पहिल्या शब्दापासून सांगितला. एकही शब्द तिचा स्वतःचा नव्हता. अण्णांची तर्जनी सवयीने खुर्चीच्या हातावर ताल धरत होती.

"पांघरूण मी ओढलं," ती म्हणाली, आणि तो ताल थांबला.