कोंढा, कोंडा आणि मी

चूक तुमच्या बोटांची आणि बदनाम मी! "फाईल खराब झाली" म्हणता आणि हात झटकून मोकळे होता. फाईल आपण होऊन खराब होत नाही, तिला कोणीतरी खराब करतं.

मी कॉन्फिगरेशन फाईल बोलतेय. १९८८ सालच्या दिवाळीनंतर पवनी तालुक्यातल्या एका सहकारी राईस मिलच्या कचेरीत माझा जन्म झाला. नागपूरच्या यादोराव इंजिनिअरांनी संगणक बसवला आणि मला लिहिलं. काम साधंच. कोणत्या गावची बैलबंडी कोणत्या वजनकाट्यावर जाईल, कोणता माल कोणत्या शेडमध्ये उतरेल, हे माझ्या ओळींत असे. गावाची ओळ 'गाव' या शब्दानं सुरू होई, मालाची 'माल'नं. संगणक मला वाचे आणि फाटकावर चिठ्ठी छापे. मी म्हणेन ती पूर्व दिशा!

माझी अक्षरं मात्र इंग्रजी. तिथंच घात झाला.

कचेरीतले जागेश्वरभाऊ जुने टायपिस्ट. नवी गावं घालायला त्यांनी मला उघडलं आणि सपासप टाइप केलं. कोंढा गावच्या धानाच्या दर जातीला एक ओळ, आणि दर ओळीत 'एच' गाळलेला. कोंढ्याचा झाला कोंडा! कोंडा तर आमच्या मिलचा माल, भरडाईत निघणारा, ढोरांना घालायचा. दुसऱ्या दिवशी कोंढ्याहून धानाच्या बंड्या आल्या आणि मी त्या मुकाट्यानं कोंड्याच्या शेडकडे धाडल्या.

पुढच्या बंडीवरचा मंगरू चिठ्ठी नाचवत खिडकीशी आला. "काहून जी, आमचे धान कोंडा दिसते का तुमाले?"

गलका ऐकून अध्यक्ष कृष्णराव बाहेर आले. ते ऑपरेटर रुखमाला म्हणाले, "उद्या अशी एक बी चिठ्ठी निघाली, तर हे मशीन खोक्यात बांधून नागपूरले वापस. अन् तुमी बी घरी."

रुखमा आसगावच्या इश्वरभाऊंची बीएस्सी झालेली लेक. संगणक आला की बंड्या फाटकावर ताटकळणार नाहीत, असं तिनं गावोगाव छातीठोकपणे सांगितलं होतं. आता तिचं मशीनही जाणार होतं आणि शब्दही.

"बाई, उघडा फाईल. एकेक ओळ हातानं सुधरवू," जागेश्वरभाऊ म्हणाले.

"हातानंच तर बिघडली न, भाऊ! कमांडनं एका फटक्यात बदलते."

आणि तिनं हुकूम सोडला: जिथं कोंडा, तिथं कोंढा. पापणी लवायच्या आत मी बदलले. तिनं कोंड्याच्या पोत्यांची चिठ्ठी काढून पाहिली, तर मी कोंडाही धानाच्या काट्यावर पाठवलेला.

जागेश्वरभाऊ पोट धरून हसले. "वा बाई! आता ढोरं कोंढा गाव खातीन!"

रुखमाचा चेहरा पडला. पण पोरगी शहाणी, बदलाआधी तिनं माझी नक्कल करून ठेवली होती. त्या नकलेवरून तिनं मला पुन्हा होते तशी केली. मग घाई केली नाही. आधी शोधायची कमांड देऊन कोंडा असलेली प्रत्येक ओळ पडद्यावर आणली आणि वाचली. मग नवा हुकूम दिला: 'गाव'नं सुरू होणाऱ्या ओळींतच बदल, मालाला हात लावायचा नाही. जुनी मी आणि नवी मी शेजारी ठेवून फरकही तपासला. पुन्हा शोधलं, तर मालाच्या ओळीखेरीज आणखी एक कोंडा उरलेला. त्या ओळीला सुरुवातच नव्हती.

"ही कोणाची, भाऊ?"

जागेश्वरभाऊंनी चष्मा सारखा केला. "माझीच न. घाईत 'गाव' लिवाचं राहून गेलं."

"मंग तुमीच सुधरवा. एका ओळीसाठी कमांड कायले?"

ते एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत बसले. 'एच' आला तेव्हा त्यांनी बटण असं दाबलं की टेबल हललं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंढ्याच्या बंड्या फाटकातून थेट धानाच्या काट्यावर गेल्या. एकही अडली नाही. कृष्णरावांनी मशीनचं खोकं फोडून त्याच्या फळ्या चहाच्या चुलीत घालायला सांगितल्या. त्या चुलीचा धूर मला अजून अत्तरासारखा वाटतो.

आजही मी तिथंच आहे आणि रोज वाचली जाते. मला हातानं उघडा नाहीतर कमांडनं बदला, माझी दोन्हींना ना नाही. फक्त आधी माझी नक्कल ठेवा, आणि बदलल्यावर मला एकदा डोळे उघडून वाचा. एवढं करा, मग पाहा मी काय काय करून दाखवते!

त्या सकाळी मंगरूनं चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, ती टोपीत खोवली आणि खिडकीकडे वळून ओरडला, "ओ रुखमाबाई, आमचे धान चालले काट्यावर! आता कोणाच्या धानाले कोंडा म्हणाचंच असन, तर मागून तुमच्या बापाची बंडी येऊन राहिली!"