मोजायला कडंच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर लांबीची पट्टी. साच्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणी शाळांमध्ये गेल्या. कुणी समास आखले, कुणी तळहातांवर वळ उठवले. मी मात्र रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आले.

तिथल्या ताई रुग्णाच्या रक्तातले जंतू चपट्या बशीत पसरत आणि वर औषधांच्या चकत्या ठेवत. पेनिसिलीन आणि त्याच्या भावकीतली औषधं, जंतूंची भिंत फोडणारी. दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंची दाट साय धरलेली असे, पण लागू पडणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ, मोकळं कडं दिसे. ताई बशीच्या पाठीला मला टेकवून ते मोजत. कडं रुंद असलं की डॉक्टरांना फोन जाई, "हे चालतं." मला धन्य धन्य वाटे.

वर्षं गेली तशी कडी आकसत गेली. औषधं तीच होती, जंतू मात्र त्यांना कात्री लावून निकामी करायला शिकले.

ताईंचे बाबा शिंपी. एकदा डबा द्यायला आले आणि ताईंच्या खिशातून डोकावणाऱ्या मला पाहून हसले. "एवढ्याशा पट्टीनं कुणाचं माप घेतेस गं? आणि तुझ्या कोटाचं हे बटण बघ, लोंबतंय. घरी आलीस की लावून देतो."

"ते राहू दे. तापासाठी डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या संपवल्यात ना?"

"दोन घेतल्या, बरं वाटलं. उरलेल्या बटणांच्या डबीत आहेत, पुढच्या तापाला होतील. चालतंय गं."

"बाबा, ते तुम्ही नाही ठरवायचं."

बटण लावायचं राहूनच गेलं. बाबांच्या पोटात अचानक दुखू लागलं, इथेच ऑपरेशन झालं आणि वॉर्डात त्यांना ताप भरला. त्यांचं रक्त ताईंच्याच टेबलावर आलं.

ताईंनी बशी उजेडात धरली. साय चकत्यांना अगदी चिकटून वाढली होती. त्यांनी मला टेकवलं, फिरवलं, पुन्हा टेकवलं. मोजायला कडंच नव्हतं. मित्रांनो, त्या क्षणी मोडून पडावंसं वाटलं मला.

डॉक्टरांचा फोन आला. "काय चालतं?"

"काहीच चालत नाही, सर." मग ताई हळूच म्हणाल्या, "माझे बाबा आहेत ते."

शेवटचं म्हणून राखलेलं कडक औषधही देऊन पाहिलं. बाबा गेले.

डबीतल्या गोळ्यांमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. तो जंतू किती घरांतल्या हलगर्जीपणावर पोसला, कुणाच्या न धुतलेल्या हातांवरून बाबांच्या खाटेपर्यंत आला, कोण जाणे.

आता मोजमाप यंत्र करतं. मी खणात पडून असते. ताई कधी खण उघडतात, तेव्हा त्यांच्या कोटाचं ते बटण दिसतं. अजून लोंबतंय. त्या कुणाला लावू देत नाहीत.

मित्रांनो, अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका, मनानं सोडू नका, पुढच्या तापासाठी साठवू तर मुळीच नका. हात धुवा. उद्या कुणाच्या तरी बाबांची बशी उजेडात धरली जाईल. तेव्हा तिथल्या पट्टीला मोजायला काहीतरी ठेवा.